मॉरिशस : दिवाळीच्या सुट्टीत सात रात्री, सोबत बाबा (७४) आणि दोन मुलं. काय बघावं, काय सोडावं?

चाफा_अंगणी

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत मॉरिशसला जायचं नक्की झालंय. मुंबईहून थेट विमान, २८ ऑक्टोबरला निघायचं आणि ४ नोव्हेंबरला परत. आम्ही पाच जण आहोत : मी, नवरा, मुलगा (११), मुलगी (६) आणि माझे बाबा. बाबांचे गुडघे दुखतात, पण सावकाश चालले तर दोनेक किलोमीटर सहज जातात. जिने मात्र त्यांना जमत नाहीत.

ही सहल मुळात बाबांसाठी आहे. आमचं गाव गुहागर तालुक्यात. बाबांच्या पणजोबांचे थोरले भाऊ मुंबईला कामाला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. 'तो मोरसला गेला' एवढंच घरात सांगत आले. आजी पांढऱ्या साखरेला 'मोरस साखर' म्हणायची. मला लहानपणी वाटायचं तो साखरेचा प्रकार असेल. मोरस म्हणजे मॉरिशस, हे बाबांनी मी दहावीत असताना सांगितलं.

एजंटने दिलेला कार्यक्रम असा आहे. पहिला दिवस पोचण्यात. दुसऱ्या दिवशी 'नॉर्थ टूर' : पोर्ट लुईचा किल्ला, कोदाँ या बंदरावरच्या बाजारात खरेदी, ग्राँ बे. तिसऱ्या दिवशी 'साउथ टूर' : क्युरपिपचं ज्वालामुखीचं विवर, गंगा तलाव, शामारेलची सात रंगांची माती, धबधबा. चौथ्या दिवशी ईल ओ सेर्फ हे बेट आणि पाण्याखालचं चालणं. पाचव्या दिवशी पहाटे डॉल्फिन, मग कासेला पार्क. सहाव्या दिवशी कॅटामरान बोट. सातवा मोकळा. हॉटेल पूर्व किनाऱ्यावर आहे.

यात आप्रवासी घाटच नाही, म्हणजे भारतातून नेलेले मजूर उतरले ती पोर्ट लुईची जागा. मी विचारलं तर 'मॅडम, तिथे बघण्यासारखं काही नाही, पडक्या भिंती आहेत' असं उत्तर मिळालं. बाबांना हे अजून सांगितलेलं नाही.

माझे प्रश्न : हॉटेल पूर्वेला बरं की पश्चिमेला? यातलं काय काढावं? घाटाला किती वेळ लागतो? आणि तिथे मराठी माणसं आहेत असं ऐकलंय, त्यांना भेटता येतं का?

खारे_वारे

ताई, हॉटेल आधी बदला. बाकीचं नंतर बघू.

आम्ही जुलैमध्ये गेलो होतो, हॉटेल पूर्व किनाऱ्यावरच होतं. हॉटेल देखणं, वाळू पांढरी, पण आठवडाभर वारा थांबला नाही. आईने पाच दिवस डोक्याचा स्कार्फ काढला नाही आणि समुद्रात एकदाच पाय बुडवला. बुकिंग करून देणाऱ्याने एका शब्दाने सांगितलं नव्हतं. तिथे वारे वर्षातला बराच काळ आग्नेयेकडून येतात. पूर्व आणि दक्षिण किनारा ते सरळ अंगावर घेतो. मधल्या डोंगरांमुळे पश्चिम किनारा आडोशाला राहतो. मे ते सप्टेंबर हा तिथला हिवाळा, तेव्हा हा फरक फार जाणवतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे उत्तम दिवस : पाऊस सगळ्यात कमी, समुद्र कोमट, वारा उतरलेला. म्हणजे वाऱ्याची तुम्हाला तेवढी काळजी नाही, पण अंतराची आहे.

बेट नकाशावर लहान दिसतं, उभं ६५ किलोमीटर, आडवं ४५. पण रस्ते गावांमधून, उसाच्या मळ्यांमधून जातात आणि पोर्ट लुईच्या तोंडाशी सकाळ-संध्याकाळ गाड्या खोळंबतात. पूर्वेच्या हॉटेलातून शामारेलला जाऊन यायचं म्हणजे नुसत्या प्रवासात तीन तास जातील आणि बाबांचे गुडघे गाडीतच आखडतील. पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाक किंवा तामारिन घ्या. गंगा तलाव, शामारेल, ल मोर्न, कासेला सगळं हाताशी. शिवाय सूर्य समुद्रात मावळताना दिसतो, आणि ते बाबांना खोलीबाहेर खुर्ची टाकून बघता येईल.

ओवी_आणि_पिल्लं

खारे वारे यांना +१. आम्ही फ्लिक आँ फ्लाकला राहिलो होतो, मुलं ८ आणि ५.

मुलांच्या बाबतीत सांगते. पाण्यात जायचे रबरी बूट इथूनच घेऊन जा, पाचही जणांचे. प्रवाळाच्या कडेने आत पाणी कमरेइतकं आणि शांत असतं, पण तळाशी समुद्री साळू असतात, दगडासारखे दिसणारे विषारी मासेही असतात. माझ्या भाच्याच्या टाचेत काटे गेले आणि सहलीचे दोन दिवस दवाखान्यात गेले. बूट घातलेल्या आमच्या दोघांना काही झालं नाही.

ग्री-ग्रीला गेलात तर तिथे पाण्यात उतरू नका. दक्षिणेच्या त्या भागात प्रवाळाची भिंतच नाही, लाट सरळ खडकावर येते. बघायला सुंदर, पण लांबूनच.

पाण्याखालचं चालणं काढून टाका. सहा वर्षांची मुलगी जाऊ शकणार नाही, बाबाही नाहीत, उरलात दोघं-तिघं. त्यापेक्षा ब्लू बेला काचेच्या तळाची बोट करा. तिथला समुद्र संरक्षित आहे, तासाभरात प्रवाळ आणि मासे सगळ्या घराने एकत्र बघितले. माझी मुलगी पालथी झोपून काचेला नाक लावून बसली होती.

डॉल्फिनचंही सांगते, आणि हे मनापासून सांगते. तामारिनच्या खाडीत पहाटे डॉल्फिन येतात ते विश्रांतीला. आम्ही गेलो त्या दिवशी दहा-बारा बोटी त्यांच्या मागे होत्या. मुलगा म्हणाला, 'आई, ते आपल्याला बघून पळतायत.' पुन्हा जाणार नाही. जायचंच असेल तर लांब उभं राहून बघणारा, पाण्यात उड्या मारायला न लावणारा बोटवाला शोधा.

त्याऐवजी दक्षिणेला रिव्हियेर दे आँगीजवळ ला व्हानिय नावाचं उद्यान आहे, तिथे राक्षसी कासवं मोकळी फिरतात. मुलं त्यांच्या मानेखाली हात घालून खाजवतात आणि कासव मान लांब करून उभं राहतं. आम्ही अर्ध्या तासासाठी गेलो आणि अडीच तास निघालोच नाही.

उसाच्या_शेतातून

चाफा ताई, मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर अकरा वर्षं इथे मॉरिशसमध्ये, कात्र बोर्नला राहते. तुमचा 'मोरस'चा परिच्छेद दोनदा वाचला. म्हणून जरा लांब लिहिते.

आधी आप्रवासी घाट. पडक्या भिंती आहेत हे खरं आहे. मूळ डेपोचा लहानसाच भाग उरलाय, बाकीच्यावरून महामार्ग गेला. पण बाबांना नेणार असाल तर तीच जागा आधी दाखवा. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलस' जहाजाने आलेले मजूर इथे उतरले. तेव्हा ब्रिटिशांनी गुलामगिरी बंद करायचं ठरवलं होतं आणि उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. पुढे १९२० पर्यंत जवळजवळ साडेचार लाख माणसं या बेटावर उतरली. त्यातली बहुतेक कलकत्त्याहून, मग मद्रासहून आणि मुंबईहून सगळ्यात कमी. आपली माणसं त्या मुंबईच्या जहाजांतली : रत्नागिरी, सावंतवाडी, मालवण आणि देशावरचीही काही. २००६ साली युनेस्कोने घाटाला जागतिक वारसा म्हटलं.

समुद्राकडून वर येणाऱ्या काळ्या दगडी पायऱ्या आहेत, दवाखान्याच्या खोल्या आहेत, मजुरांना दोन-तीन दिवस ठेवायचे त्या जागा आहेत. शेजारी माहिती केंद्र आहे, तेही नीट बघा. एकूण दीड ते दोन तास. प्रवेश फुकट. रविवारी बंद, शनिवारी दुपारी बंद. फार चालावं लागत नाही, बाबांना जमेल.

आता महत्त्वाचं. तुम्ही असताना २ नोव्हेंबर येतोय. त्या दिवशी इथे मजुरांच्या आगमनाची राष्ट्रीय सुट्टी असते आणि घाटावर सरकारी कार्यक्रम होतो. गर्दी, बंदोबस्त, मंत्री. बाबांना शांतपणे बघायचं असेल तर त्याच्या आधीच्या कामाच्या दिवशी सकाळी नऊलाच जा.

पोर्ट लुईत गाडी लावायला जागा मिळत नाही. मेट्रोने या, शेवटचं स्थानक घाटाजवळच आहे. कात्र बोर्न किंवा रोझ हिलपर्यंत टॅक्सी आणि तिथून मेट्रो. मुलांनाही आवडेल. ही मेट्रो आपल्या एल अँड टी ने बांधलीय, बाबांना सांगा.

आणि घाटाच्या दिवसाला पाँप्लमूसचं साखरेचं संग्रहालय जोडा, लाव्हाँत्युर द्यु स्युक्र. जुन्या साखर कारखान्यातच केलंय. शेवटी वेगवेगळ्या कच्च्या साखरा चमच्याने चाखायला देतात. तुमच्या आजीची मोरस साखर कुठून आली ते बाबांना यंत्रांसकट दिसेल. त्याच्या जवळच वनस्पती उद्यान. तिथली महाकाय कमळपानं बघायला मुलं धावतील. सपाट आहे, बाक आहेत.

मराठी माणसांबद्दल उद्या लिहिते, मुलाला शाळेतून आणायचंय.

डोंबिवली_फास्ट

खाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आम्ही शाकाहारी, काहीच अडचण आली नाही. हॉटेलच्या बुफेत नेहमीचं. पण खरं खाणं रस्त्यावर.

धोल पुरी. बघताक्षणी बायको म्हणाली, ही तर पुरणपोळी. तशीच पातळ, मऊ, पिवळसर, घडी मोडताना आतून डाळीचा भुगा दिसतो. फक्त गूळ नाही. हळद, जिरं, मीठ. एकावर एक अशा दोन देतात, त्यात मोठ्या वालांची उसळ, टोमॅटोची रसरशीत भाजी, लोणचं आणि ठेचलेली मिरची. कागदात गुंडाळून हातात. मिरची आधी 'थोडी' सांगा, ती आपल्या ठेच्याच्या वर जाते.

सोबत गातो पिमाँ, म्हणजे आपले छोटे डाळवडे. आणि अलूदा, म्हणजे सब्जा घातलेलं थंड दूध, फालुद्याचं भावंड. पोर्ट लुईच्या मंडईत सगळं मिळतं. संध्याकाळी सहानंतर मात्र गावं निजतात, दुकानं बंद. जेवणाचं आधीच ठरवा, नाहीतर हॉटेलातच रात्रीचं जेवण धरून बुकिंग करा.

मास्तर_पेण

तुमच्या बाबांच्या पणजोबांच्या भावाचा शोध घेण्याचा प्रयत्न करणार आहात का? मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या मूळ नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. ही संस्था १९७० साली झाली, तिथे मराठीही शिकवतात. नोंदीत माणसाचं नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरच्या खुणा, जात, जिल्हा, जहाज आणि प्रत्येकाला दिलेला क्रमांक असतो. १८६० च्या दशकापासून पुढे फोटोही आहेत.

पण नुसत्या नावावर माणूस सापडणं कठीण आहे. इंग्रज आणि फ्रेंच कारकुनांनी कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं. आडनाव तर लिहिलंच नाही बहुतेकदा. ज्याचं नाव सखाराम, त्याच्या मुलांचं आडनाव सखाराम झालं. म्हणून तिथे आजही आडनावं म्हणून आपली जुनी पहिली नावं सापडतात, फ्रेंच वळणाने लिहिलेली. तुमच्या घरात साधारण वर्ष, वडिलांचं नाव आणि गावाचं नाव एवढं तरी कागदावर आणा. कुलवृत्तांत असेल तर बघा, नसेल तर गावच्या भटजींकडे जुनी वंशावळ असू शकते. आणि जायच्या निदान दोन महिने आधी संस्थेला पत्र लिहा. ऐनवेळी खिडकीवर जाऊन काही हाती लागणार नाही.

चाफा_अंगणी

मास्तर, खूप आभार. बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांना नाव माहीत होतं : लक्ष्मण, वडिलांचं नाव गोविंद. वर्ष कोणालाच माहीत नाही. बाबा हिशोब करून म्हणाले, १८५० ते १८६० मधलं असावं. म्हणजे फोटो नसणार. तरी पत्र पाठवलं आज.

हॉटेल बदललं. एजंट आधी नाही म्हणाला, मग फरकाचे पैसे घेऊन फ्लिक आँ फ्लाकला केलं. डॉल्फिन आणि पाण्याखालचं चालणं काढलं. मुलगा रुसला, पण त्याला ला व्हानियचे फोटो दाखवले आणि आता तो घरभर कासवांची माहिती सांगत फिरतोय.

उसाच्या_शेतातून

उशीर झाला, माफ करा.

मराठी माणसं. इथे मराठी लोक थोडे आहेत, बेटाच्या लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आसपास. घरात सगळ्यांसारखीच क्रिऑल, म्हणजे फ्रेंचवरून झालेली इथली बोली, बोलतात. मराठी शाळेत शिकतात आणि देवळात, भजनात, लग्नात जपतात. कोकणातली जाखडी इथे 'झाकरी' म्हणून नाचतात, पायातले घुंगरू आणि गोल रिंगण तेच. कास्काव्हेल हे त्यातलं एक जुनं मराठी गाव, तुमच्या हॉटेलपासून वीस मिनिटंही लागणार नाहीत. वाकोआजवळचं आँरिएता दुसरं. तिथे १८९६ साली पहिला गणपती बसला असं सांगतात. आज गणेश चतुर्थीची इथे सरकारी सुट्टी असते आणि विसर्जनाला फ्लिक आँ फ्लाकच्याच किनाऱ्यावर डोक्यावर मूर्ती घेऊन लोक येतात. तुम्ही यायच्या आधीच ते होऊन जाईल, त्याला इलाज नाही.

एक विनंती. देवळात जा, पण 'आमचे लांबचे नातेवाईक बघायला आलो' अशा थाटात कॅमेरा पुढे करून जाऊ नका. काही लोक तसं करतात आणि इथल्या म्हाताऱ्यांना ते लागतं. आधी बसा. आरतीची वेळ विचारा. मी कास्काव्हेलच्या एका काकूंना ओळखते, तुम्ही येणार ते त्यांना सांगून ठेवते. बाबांना टाळ वाजवता येतात का?

दक्षिणेच्या दिवसाचा क्रम मी सुचवते. एजंट उलटा नेतो, मग शामारेलला भर दुपारी गर्दीत पोचता. सकाळी लवकर निघून वाकोआवरून वर गंगा तलावाला. साडेपाचशे मीटर उंच आहे, ऑक्टोबरातही धुकं आणि भुरभुर पाऊस येतो, सगळ्यांना स्वेटर. तेहतीस मीटरचा मंगल महादेव लांबूनच दिसतो. तलावाच्या काठी देवळं आहेत, माकडं आहेत, प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका. महाशिवरात्रीला सगळ्या बेटावरून लोक कावड घेऊन इथे चालत येतात. मग प्लेन शाँपान्यच्या रस्त्याने पुढे, अलेक्झांड्रा धबधब्याला दहा मिनिटं, ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या कठड्यावर दहा मिनिटं. तिथून शामारेल. सात रंगांच्या मातीला ऊन असेल तरच रंग उठतात, म्हणून अकराच्या पुढे पोचलात तरी चालेल, पण एकच्या आत निघा. वळणं बरीच आहेत, मुलीला गाडी लागत असेल तर पुढे बसवा. खाली केस न्वायालला उतरून ल मोर्नच्या किनाऱ्यावर थांबा.

ल मोर्नचा डोंगर चढू नका, बाबांना नाही जमणार आणि तिकडे वरचा टप्पा हातांनी धरून चढायचा आहे. पण खाली वाळूत बसून त्याची गोष्ट मुलांना सांगा. पळालेले गुलाम त्या कड्यावर लपून राहत. घाट आणि ल मोर्न, दोन्ही जागतिक वारशात आहेत, आणि हे बेट कोणाच्या हातांनी उभं राहिलं ते या दोन जागांवरून कळतं. मी पाहुण्यांना दोन्ही दाखवल्याशिवाय सोडत नाही.

क्युरपिपचं विवर वेळ असेल तर. पोर्ट लुईचा किल्ला सोडा. ग्राँ बे तर तुम्ही सोडाच, समुद्र तुमच्या खोलीसमोर आहे.

खारे_वारे

उसाच्या शेतातून यांनी क्रम अगदी बरोबर दिलाय. ईल ओ सेर्फबद्दल : ठेवा, पण निम्मा दिवस. त्रू दो दूसहून बोट जाते. बहुतेक सगळे धबधबा, जेवण, बेट असं पॅकेज विकतात. शाकाहारी जेवण हवं असेल तर आदल्या दिवशी सांगा, नाहीतर भात आणि कोशिंबीर मिळते. कॅटामरान मात्र काढा असं मी म्हणेन. ईल ओ सेर्फ आणि कॅटामरान दोन्हीत तेच पाणी, तोच दिवसभराचा उन्हाचा मारा. एक पुरे.

परतीच्या दिवशी विमान रात्रीचं असेल तर माहेबुर-ब्लू बे शेवटी ठेवा, विमानतळाला लागून आहे. जवळच ईल ओ झेग्रेत हे लहान बेट आहे, तिथे मूळ जंगल पुन्हा वाढवतायत आणि गुलाबी कबुतरं दिसतात. आधी नाव नोंदवावं लागतं. डोडो गेला, पण ही कबुतरं वाचवली, हे मुलाला आवडेल.

प्रवासी_घुबड

कागदपत्रांचं : भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढायची गरज नाही. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि पुरेसे पैसे दाखवता आले पाहिजेत. निघण्याआधी ऑनलाइन प्रवास फॉर्म भरा. बाबांच्या गोळ्यांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या, विशेषतः झोपेच्या किंवा वेदनाशामक गोळ्या असतील तर. तिथे औषधांचे नियम कडक आहेत. ताजी फळं, भाजी, बिया, रोपं नेऊ नका. प्लग इंग्लंडसारखे तीन चौकोनी पिनांचे. घड्याळ दीड तास मागे. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून.

चाफा_अंगणी

सगळ्यांचे आभार. नवा कार्यक्रम : पहिला दिवस पोचून आराम. दुसरा पूर्ण दिवस घाट, साखर, पाँप्लमूस. तिसरा फक्त समुद्र. चौथा गंगा तलाव ते ल मोर्न. पाचवा ईल ओ सेर्फ. सहावा ला व्हानिय, संध्याकाळी कास्काव्हेल. सातवा समुद्र. शेवटच्या दिवशी माहेबुर, ब्लू बे आणि विमान.

बाबांना टाळ येतात. गावच्या भजनात चाळीस वर्षं वाजवलेत. त्यांनी ते बॅगेत टाकलेत सुद्धा.

चाफा_अंगणी *(परतल्यावर)*

आलो. वृत्तांत स्वतंत्र लिहीन, पण तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत म्हणून आधी इथेच.

पश्चिमेला राहिलो ते फार बरं झालं. गंगा तलावाला खरंच धुकं होतं, महादेव कमरेपासून वर दिसतच नव्हता, मग पाच मिनिटांत सगळा उघडला. शामारेलच्या वळणांवर मुलीला उलटी झाली. मी तिला मागेच बसवलं होतं, चूक माझी. ला व्हानियमधून मुलाला ओढून काढावं लागलं. ईल ओ सेर्फ सुंदर होतं, पण गर्दी खूप, मी दुसऱ्यांदा जाणार नाही. ब्लू बेची काचेची बोट सगळ्यात आवडती ठरली, बाबांची सुद्धा.

घाट. आम्ही नऊला पोचलो तेव्हा आणखी कोणीच नव्हतं. बाबा पायऱ्यांपाशी गेले आणि वाकून भिंतीच्या दगडावरून हात फिरवला. मला वाटलं ते काहीतरी बोलतील. ते म्हणाले, 'हा आपला जांभा नव्हे. घाटावरचा काळा दगड आहे, तसलाच.' मग बराच वेळ ते दवाखान्याच्या खोलीच्या उंबऱ्याशी उभे राहिले. माहिती केंद्रात नोंदवहीचं एक मोठं केलेलं पान लावलंय. त्यातल्या एका ओळीत जिल्हा 'रत्नागिरी' लिहिलेलं मुलाने शोधलं. स्पेलिंग इतकं वेगळं होतं की मला पटायला वेळ लागला. लक्ष्मण गोविंद नव्हते ते. दुसरंच कोणी. बाबांनी तरी त्या ओळीला हात जोडले.

संस्थेचं उत्तर जायच्या आठवडाभर आधी आलं होतं. या नावाचे मुंबईहून आलेले अनेक आहेत, क्रमांक किंवा जहाजाशिवाय ओळख पटवता येणार नाही. मास्तर, तुम्ही म्हणालात तसंच. बाबांनी ते पत्र घडी करून पाकिटात ठेवलंय. आता गावच्या जुन्या वहीत जहाजाचं नाव सापडतं का ते बघतायत.

कास्काव्हेलला काकू दारातच उभ्या होत्या. त्यांचं मराठी शाळेतलं, एकेक शब्द सुटा. बाबांचं गुहागरचं, भरभर. पहिली दहा मिनिटं दोघांना एकमेकांचं काही कळेना, मी मध्ये इंग्रजीत सांगत होते. मग आरतीची वेळ झाली. बाबांनी पिशवीतून टाळ काढले. चाल थोडी वेगळी होती, त्यांची संथ. बाबा दुसऱ्या कडव्यात त्यांच्या चालीवर आले. नंतर काकूंनी प्रसादाला शिरा दिला आणि बाबांना विचारलं, 'तुमचं गाव समुद्राजवळ?' बाबा म्हणाले, 'अगदी जवळ.' त्या म्हणाल्या, 'आमची आजी पण म्हणायची, गाव समुद्राजवळ.' नाव त्यांना माहीत नव्हतं.

उसाच्या शेतातून, तुम्ही त्या दिवशी आजारी मुलाला सोडून तिथे आलात, त्याबद्दल बाबांनी तुम्हाला आशीर्वाद सांगितलेत.

मास्तर_पेण

वाचून डोळे भरले. वहीत काही सापडलं तर इथे नक्की लिहा, मला नोंदी वाचायला मदत करता येईल.

डोंबिवली_फास्ट

धोल पुरी खाल्ली का?

चाफा_अंगणी

खाल्ली, पोर्ट लुईच्या मंडईत, उभ्याने. बाबांनी चार खाल्ल्या आणि मिरचीही घेतली.

साखरेच्या संग्रहालयातून त्यांनी तपकिरी कच्च्या साखरेचं एक पाकीट घेतलं होतं, कोणालाही उघडू दिलं नाही. काल गावाहून फोन आला. तुळशीच्या लग्नाला पंचामृत त्या साखरेचं केलं. पाकिटावर त्यांनी पेनाने 'मोरस' लिहून ठेवलंय.